बहिणीची सही



इतकी वर्षं आपण नवऱ्याबद्दल बोललो, सासूबद्दल बोललो, पोलीस ठाण्यात बाईला कसं बसवून ठेवतात त्याबद्दल बोललो. भावाबद्दल मात्र फारसं बोललो नाही. शिबिरात 'माझ्यावर झालेला अन्याय' असा विषय गटचर्चेला दिला की मारहाण निघते, हुंडा निघतो, मुलगा नाही म्हणून झालेला छळ निघतो. भावाचं नाव काढलं की सगळ्याजणी पदर सावरून म्हणतात, "माझा भाऊ तसा नाही बरं का ताई." जरा खोलात गेलं की कळतं, यांतल्या बहुतेकींनी हक्कसोड करून दिलेलं आहे. कोणी बाप गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत, तर कोणी भाऊबीजेला आलेली असताना, ओवाळणीची साडी मांडीवर असतानाच.

मी लोणारची. आमचं गाव जगाला ठाऊक आहे ते उल्केच्या आघातानं झालेल्या सरोवरामुळे. जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळा देश त्याचे फोटो बघत होता. त्याच वर्षी रामसर यादीत त्याचं नावही लागलं. लहानपणी मात्र आम्हाला उल्केची गोष्ट कोणी सांगितली नाही, सांगितली ती लवणासुराची. हा दैत्य जमिनीखाली दडून राहायचा आणि वर येऊन लोकांना छळायचा. त्याची जागा कुणाला सापडेना. मग विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या दोघी बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून भावाचा ठावठिकाणा काढून घेतला आणि पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवून त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ याच विष्णूचं.

आजी ही गोष्ट रंगवून सांगायची आणि शेवटी हटकून म्हणायची, "पोरीयनं भावाले विकलं." दैत्य मेला, गाव सुटलं, याचा आनंद एका वाक्यात संपायचा. बहिणींवरचा राग मात्र पुढे चालू राहायचा. भाऊ माणसं खाणारा असला तरी बहिणीनं त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही, ही आमची पहिली शिकवण. तिला आम्ही गोष्ट समजत होतो.

आमचं घर वाईट नव्हतं, उलट चांगलं म्हणावं असंच होतं. वडिलांनी मला भावांच्या बरोबरीनं शिकवलं, लोकांचं ऐकून न घेता नागपूरला पाठवलं, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊ दिली. सायकल मला आधी मिळाली, धाकट्या भावाला नंतर. पण शेतावर बांध दाखवायला नेलं ते भावांनाच. कुठला बांध कुणाशी लागून, विहिरीवर कुणाचा किती हिस्सा, कुठल्या झाडावरून कुणाशी वाद झाला होता, हे ज्ञान घरात मुलग्यांनाच मिळतं आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतं. मला पुस्तकं मिळाली. त्या वेळी मला तो मोठा सन्मान वाटला होता, आणि तो होताही.

आत्या आमच्याकडे अखाजीला आणि दिवाळीला यायची. चार दिवस राहायची, जाताना तिला साडी असायची. आई तोंडानं काही बोलायची नाही, पण पाचव्या दिवशी डब्यातलं पीठ किती उरलं ते मोठ्यानं सांगायची. आत्याची सही झालेली आहे हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर तो पिठाचा डबाही वेगळा दिसू लागला. आत्या जमिनीच्या बदल्यात वर्षातून आठ दिवसांचा मुक्काम राखून होती, आणि आईच्या लेखी तेही जास्तच होते, कारण आईनंही तिच्या माहेरी सही केली होती आणि तिला तर आठ दिवसही मिळत नव्हते.

आपल्या जिल्ह्यानं याच्या उलट चित्रही पाहिलेलं आहे. ताराबाई शिंदे 1850 मध्ये बुलढाण्यात जन्मल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाच्या विचारांचे होते. त्यांनी एकुलत्या एक मुलीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं आणि लग्न करून सासरी धाडण्याऐवजी घरजावई आणला. मुलगी बापाच्या घरातच राहिली. 1882 मध्ये तिनं 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुण्यात छापून घेतलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, त्या निमित्तानं वर्तमानपत्रातून बायकांच्या नीतीवर जी चिखलफेक चालली होती, तिला हे उत्तर होतं. पुस्तकावर झोड उठली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा उजेडात आणलं. आपण ताराबाईंच्या धाडसाबद्दल नेहमी बोलतो. मला त्यांच्या पत्त्याबद्दल बोलावंसं वाटतं. ज्या बाईला 'तुझं खरं घर दुसरीकडे आहे' असं सांगून पाठवून दिलेलं नव्हतं, तिनं हे पुस्तक लिहिलं.

आता कायद्याचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या वाट्यातला वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मुलग्यालाच राहिला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये तो मुलीलाही दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच घरातली मोठी बहीण बाहेर, धाकटी आत. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ती अट गेली. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नको यावर पुढची पंधरा वर्षं कज्जे चालले. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की तशी गरज नाही, हक्क जन्मानंच आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा आहे. तिथे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे, आणि तोही भावाकडेच राहतो असं आमच्या गटातल्या बायका सांगतात.

कायदा असा बायांच्या बाजूला सरकत गेला, तशी सही महत्त्वाची होत गेली. हे नीट लक्षात घ्या. पूर्वी बहिणीला विचारायचीच गरज नव्हती. आता वारसनोंदीला तिचं नाव लागतं, म्हणून तिला गाडी पाठवून बोलावून आणतात. कुठे तिचं नाव सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेलं असतं, कुठे साध्या कागदावर जबाब घेतलेला असतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, साध्या कागदावरच्या सहीनं हक्क जात नाही, एवढी एक गोष्ट जरी आपण गावागावांत सांगितली तरी पुष्कळ होईल. आणि एकदा नोंदवलेलं हक्कसोड सहजी परत फिरत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं.

पण नुसती माहिती देऊन भागत नाही, हा माझा अनुभव आहे. बायांना माहिती असते. सही करणारी बाई अडाणी असते असं मानणाऱ्या कार्यकर्त्यांचा मला राग येतो. ती हिशेब करत असते. नवऱ्यानं हाकललं तर रात्री कुणाच्या दारात जायचं? भाच्याच्या लग्नात मामा उभा राहिला नाही तर सासरी काय किंमत राहील? जमिनीचा तुकडा नावावर असला तरी तो तिच्या गावापासून साठ किलोमीटरवर आहे, आणि भाऊ मात्र उद्याच लागणार आहे. माहेर हा तिचा एकमेव विमा, आणि सही हा त्याचा हप्ता. अडचण एवढीच की हप्ता भरून झालेल्या किती जणींना विमा मिळाला? आमच्या केंद्रात आलेली एक बाई तीन एकरांवरचा हक्क सोडून बसली होती. नवऱ्यानं टाकल्यावर दोन मुलांना घेऊन माहेरी गेली, तेव्हा तिला गोठ्याशेजारची खोली मिळाली. मजुरी ती भावाच्याच शेतात करत होती, रोजानं, आणि रोज बाहेरच्या बाईपेक्षा कमी. कारण ती घरची.

2021 च्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. तीन महिन्यांनी मोठ्या भावानं विषय काढला. तो दुष्ट नाही. सोयाबीनला भाव नाही, पीककर्ज डोक्यावर, कष्ट सगळे त्याचे. "तू पगार घेतेस, मी चिखलात उभा असतो," हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कागद तयार होता, आणि त्यात माझ्याबरोबर आईचंही नाव होतं. हे मला अपेक्षित नव्हतं. विधवा आई ही वारस असते, मुलांच्या बरोबरीची. तिनं सही केली असती तर पासष्टाव्या वर्षी तिच्या नावावर काहीही उरलं नसतं. आई म्हणाली, "मले काय करायचं, दोन भाकरी तं मिळतील." मी तिला म्हटलं, "आई, आत्याला पाचव्या दिवशी पिठाचा डबा तूच दाखवत होतीस." ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं की चष्म्याशिवाय तिला सही करता येत नाही.

सही दोघींनीही केली नाही. आज सातबाऱ्यावर आम्हा चौघांची नावं आहेत, शेती थोरला भाऊच करतो, मी त्यातलं काही मागत नाही, आईचा वाटा मात्र हंगामाला तिच्या बँकेच्या खात्यात जातो. हे सहज झालं नाही. दोन दिवाळ्या मला बोलावणं नव्हतं. वहिनी अजून फोनवर मोजकं बोलते, आणि तिच्यावर तरी काय रागवायचं, तिनंही तिच्या माहेरी सही करून दिलेली आहे. भावाशी मी आता नुसत्या ओवाळणीपुरती बोलत नाही. कर्जाचे कागद तो मला दाखवतो, कधी भांडतो. पहिल्यांदाच त्यानं मला विहिरीचा हिस्सा समजावून सांगितला.

तुमच्या गटात सही न करणाऱ्या जणी असतील. केलेल्या तर असतीलच. आपल्या भावजयांना "तुम्हीही मागा" असं म्हणणाऱ्या जणी आहेत का, हे मला जास्त जाणून घ्यायचं आहे. पुढच्या अंकासाठी लिहा. नाव, गाव छापणार नाही.