बारोलोची बाटली आणि आमची फेणी

परवा एका लग्नाच्या रिसेप्शनला एका स्नेह्यांनी मला इटालियन वाइनवर अर्धा तास ऐकवलं. "अहो, पिएमॉन्तेची बारोलो म्हणजे वाइनची राणी! हजारो वर्षांची परंपरा. आपल्याकडे आहे काय?" तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणीतरी फेणी मागितली आणि आमच्या स्नेह्यांनी नाक मुरडलं. ते नाक मला घरी आल्यावरही छळत राहिलं, म्हणून हा लेख. दारूवर कसला लेख, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबावं. मला बोलायचंय ते वारशाबद्दल.

आधी ती "हजारो वर्षं" बाजूला ठेवू. इटलीच्या वायव्येला पिएमॉन्ते प्रांत आहे. तिथे आल्बा शहराच्या आसपास लांगे नावाच्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांत बारोलो हे एवढंसं गाव. द्राक्षं तिथे जुनीच, त्याबद्दल वाद नाही. पण नेब्बिओलो द्राक्षाची आज आपण ओळखतो ती कोरडी, वर्षानुवर्षं मुरवलेली बारोलो घडली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी तिथली वाइन बरेचदा गोडसरच असे. ती घडवण्यात वाटा कुणाचा? इटलीच्या एकीकरणाचा मुत्सद्दी कावूर, ज्याची ग्रिन्झाने इथे जमीन होती, आणि बारोलोची जहागीरदारीण जूलिया फाल्लेत्ती, जी जन्माने फ्रेंच होती! म्हणजे "अस्सल" वारशाला परक्याचा हात लागलाय आणि त्याला पुरती दोनशे वर्षंही झालेली नाहीत. "काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, मग फेणी आपली कशी?" असं विचारणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

दुसरा भ्रम श्रीमंतीचा. आज लांगेमधली एकरभर द्राक्षबाग घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. पण आल्बाचाच लेखक बेप्पे फेनोल्यो याची 1954 सालची 'ला मालोरा' ही कादंबरी आहे दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबायला पाठवलेल्या मुलाची. तिथली तरुण पोरं टेकड्या सोडून तुरिनच्या मोटार कारखान्यात आणि आल्बाच्या चॉकलेट कारखान्यात गेली, कारण द्राक्षावर पोट भरत नव्हतं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडची पोरं बोटीवर आणि आखातात गेली, एवढाच फरक.

आता खरा मुद्दा. मार्च 1986. इटलीत स्वस्त वाइन पिऊन माणसं मरू लागली. वीसच्या आसपास मेली, कित्येकांची दृष्टी गेली. पातळ वाइनचा कस वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल, म्हणजे सरळसरळ विष, मिसळलं होतं. आणि या प्रकरणाच्या मुळाशी असलेली एक पेढी होती नार्झोले गावात, बारोलोपासून हाकेच्या अंतरावर! बारोलोत विष नव्हतं. पण परदेशी गिऱ्हाईक असा फरक करत नाही. बंदरांवर, सीमांवर इटालियन माल अडवला गेला, निर्यात कोसळली.

त्यांना म्हणता आलं असतं, "ते नार्झोलेवाले, आमचा काय संबंध?" नुसतं तसं म्हणून चाललं नाही. 1992 मध्ये इटलीने वाइनच्या नामांकनाचा कायदाच नव्याने केला. बारोलोला तर 1980 पासूनच सर्वात कडक दर्जा होता. आज तिचे नियम वाचा: द्राक्ष फक्त नेब्बिओलो, गावं फक्त 11, हेक्टरी उत्पन्न 8 टनांपर्यंतच, थेट उत्तरेकडे तोंड असलेला उतार बाद. मुरवण किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात. 2010 पासून तर कुठली टेकडी कुठल्या नावाने बाटलीवर छापायची, याच्याही हद्दी आखल्या आहेत. 2014 मध्ये युनेस्कोने या टेकड्यांना जागतिक वारशात घेतलं, ते या सगळ्यानंतर.

आणि म्हणून तिथे रामराज्य आलं असंही नाही. लहान फ्रेंच पिंपं वापरावीत की जुनी मोठी, यावरून बापलेकांत वैर झालं. एल्यो आल्तारे नावाच्या तरुणाने 1980 च्या दशकात बापाची जुनी पिंपं करवतीने कापली आणि बापाने त्याला वारशातून बेदखल केलं! 2024 मध्ये याच परिसरात द्राक्षमळ्यांतल्या परदेशी मजुरांच्या पिळवणुकीवरून अटका झाल्या. युनेस्कोची पाटी लावली म्हणून पाप धुतलं जात नाही. पण तिथे निदान भांडण होतं, चौकशी होते. वारसा जिवंत असल्याची हीच खूण, असं माझं मत आहे.

आता आपल्या घरात डोकावू. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2016 मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेयाचा मान दिला. टाळ्या झाल्या. पुढे? मागे किनाऱ्याजवळच्या एका दुकानातून मी बाटली घेतली. वर "अस्सल काजू फेणी", आत इसेन्सचा वास. लेबलवर ना गाव, ना भाटी, ना हंगाम. दुकानदाराला विचारलं तर हसला. "पात्रांव, टुरिस्टांक कितें कळटा?"

टुरिस्टाला नाही कळत, कबूल. पण आपल्याला तरी कळून घ्यायचंय का? सत्तरीत, पेडण्यात उन्हातान्हात बोंडू गोळा करणारे, भाटी लावणारे हात हिंदूंचेही आहेत आणि ख्रिस्तावांचेही. तरी आम्ही मराठी मंडळी फेणीला "त्यांची" म्हणून मोकळे होतो आणि बारोलोवर व्याख्यानं देतो. फेणी प्या असं मी म्हणत नाही. न पिणाऱ्यालाही तिच्या नावावर चाललेल्या फसवणुकीची चीड यायला हवी. बाटलीवर भाटीचं गाव आणि हंगामाचं साल सक्तीचं करा, आणि इसेन्सला फेणी म्हणणाऱ्याचा परवाना काढा. एवढी साधी मागणी करायला आपण वीस मढी पडायची वाट बघणार आहोत का?

त्या स्नेह्यांना हा लेख पाठवतोय. पुढच्या लग्नात भेटलो की त्यांना एकच विचारीन: "भाऊ, बारोलोची अकरा गावं सोडा. फेणीची दोन तरी सांगा!"