अपडेट हाही प्रशासकीय निर्णयच

सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारचा उतार एखाद्या रात्री कोणी उखडून टाकला, तर सकाळी एक प्रश्न निश्चित विचारला जाईल : आदेश कोणाचा? कुठेतरी कागद असेल, त्यावर सही असेल. आणि सही नसेल तर तोही पुरावाच ठरेल. सरकारी संगणक प्रणालीतील उतार मात्र रात्रीतून नाहीसा होतो तेव्हा त्यामागे ना टिपणी असते, ना सही. त्या घटनेला आपण ‘अपडेट’ म्हणतो आणि ती तंत्रज्ञांची बाब समजून सोडून देतो.

2011च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची नोंद 50 लाखांहून अधिक होती. यांपैकी संगणक वापरणाऱ्यांचा आधार म्हणजे स्क्रीन रीडर : पडद्यावरील मजकूर, रकाने आणि बटणे आवाजात किंवा ब्रेलमध्ये सांगणारी प्रणाली. तिला पडदा दिसत नाही. संकेतस्थळ बनवणाऱ्याने प्रत्येक बटणामागे जे नाव लिहिलेले असते, तेच ती वाचते. नाव लिहिलेले नसेल, तर ‘बटण’ एवढाच शब्द ऐकू येतो. अपडेटमध्ये शब्दांच्या जागी सुबक चित्रे आली आणि त्यांना नावे द्यायची राहिली, तर डोळस माणसाला पान अधिक देखणे वाटते. दृष्टिहीन माणसाला ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येते. जन्मतारखेच्या रकान्यात टंकण्याऐवजी केवळ माऊसने उघडणारे कॅलेंडर बसवले, की अर्ज तिथेच थांबतो.

दोष नेहमी संकेतस्थळाचाच असतो असे नाही. एनव्हीडीए हा विनामूल्य आणि मुक्तस्रोत स्क्रीन रीडर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने लिहायला घेतला. सशुल्क स्क्रीन रीडरची किंमत न परवडणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर त्याचे उपकार मोठे आहेत. पण त्याची 2019.3 ही आवृत्ती 2020च्या फेब्रुवारीत पायथन या भाषेच्या दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर गेली, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली पूरक साधने नव्याने लिहावी लागली. बदल अटळ होता. जुन्या पायथनचा आधारच संपला होता. महत्त्वाचे हे, की तो आधी जाहीर झाला होता आणि साधने लिहिणाऱ्यांना तयारीला वेळ मिळाला होता.

म्हणून अपडेटनंतर आवाज बंद झाला किंवा विचित्र वागू लागला, तर अनुभवी वापरकर्ता क्रमाने तपासतो. आधी पूरक साधने बंद ठेवून स्क्रीन रीडर पुन्हा सुरू करायचा. तो नीट चालला, तर दोष एखाद्या पूरक साधनात. नाही चालला, तर दुसरा ब्राउझर. आवाजच नसेल, तर विंडोजमधला नॅरेटर कळफलकावरून सुरू करून त्याच्या आधाराने पहिल्याची दुरुस्ती. त्रुटींची नोंद उघडून कोणत्या क्षणी काय बिघडले ते पाहायचे. दोन वेगवेगळे स्क्रीन रीडर दोन ब्राउझरांत एकाच जागी मुके होत असतील, तर दोष संकेतस्थळात आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. हे निदान कोणत्याही अभियंत्याला शोभेल असे आहे. खटकते ते एवढेच, की रेल्वेचे तिकीट किंवा निवृत्तिवेतनाचा दाखला हवा असलेल्या नागरिकाला ते करावे लागते, आणि एवढे करून मदतकक्षाकडून उत्तर येते, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालते आहे.’ तिकडे माऊसने पाहिलेले असते.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत मी ज्या विभागात होतो, तेथे एक दृष्टिहीन कक्ष अधिकारी होते. मसुदा इतका नेटका, की त्यात खाडाखोड करायला जागा नसे. एका सोमवारी फाइलींच्या प्रणालीचे रूप बदलले. ते मला म्हणाले, “सर, फाइल माझ्याकडे आहे एवढं कळतं. ती पुढे कुठून पाठवायची, ते कळत नाही.” तक्रारीच्या अर्जात पडद्याचे छायाचित्र जोडणे सक्तीचे होते, ते काढून देण्यासाठी कोणाला तरी बोलवावे लागले. पुरवठादाराची दुरुस्ती अकरा कामकाजी दिवसांनी आली. बटणाला नाव जोडायचे होते, एवढीच ती दुरुस्ती. त्या अकरा दिवसांत त्यांच्या नावावरचे प्रलंबित प्रकरणांचे आकडे साप्ताहिक तक्त्यात लाल रंगात छापले जात होते. शेजारच्या सहायकाने त्यांच्या खात्यातून फाइली पुढे पाठवून देण्याचा मार्ग सुचवला गेला. त्यांनी तो नाकारला, आणि ते योग्यच होते : आपला परवलीचा शब्द आणि डिजिटल स्वाक्षरी दुसऱ्याच्या हाती देणे हा शिस्तभंग आहे. म्हणजे प्रणालीने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते, निष्क्रिय ठरा किंवा नियम मोडा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण दिले, त्यातील एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. खुर्ची मिळाली, पण खुर्चीवर बसून काम करण्याची सोय मात्र पुरवठादाराच्या वेळापत्रकावर अवलंबून.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे ब्रेलची आठवण होते. स्वातंत्र्यापूर्वी या देशात ब्रेलच्या अनेक पद्धती प्रचलित होत्या. एका प्रांतात शिकलेल्याला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. 1951 मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारली गेली. तो निर्णय विचारविनिमयाने झाला आणि टिकला. काल वाचता येणाऱ्या पानावरचे ठिपके आज सकाळी सरकले आहेत, असे ब्रेलच्या वाचकाला कधी अनुभवावे लागले नाही. संगणकाने त्याचे जग अफाट विस्तारले, पण ही निश्चिंती काढून घेतली.

कायदा या प्रश्नाजवळ येऊन पोहोचला आहे. ‘राजीव रतुरी’ प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 2017च्या नियमांतील 15(1) हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम शिफारशीवर थांबतो, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. 30 एप्रिल 2025च्या ‘प्रज्ञा प्रसून’ निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद 21 शी जोडला गेला. त्यातील एका निर्देशाची चर्चा फारशी झाली नाही : संकेतस्थळ वा अॅप बनवताना, तसेच नवी सुविधा आणताना, वापरपूर्व चाचणीत दृष्टिहीन व्यक्तींना सामील करून घ्यावे. ‘नवी सुविधा आणताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे सुगम्यतेचे प्रमाणपत्र उद्घाटनाच्या वेळी घेतले जाते आणि भिंतीवर लावले जाते. तिसऱ्या अपडेटनंतर ते कशाचे प्रमाणपत्र उरते?

सुरक्षेची दुरुस्ती तासाभरातही करावी लागते, चाचणीसाठी थांबता येत नाही, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो रास्त आहे. पण सुरक्षेची दुरुस्ती आणि पानाचे रूपांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका गाठोड्यात बांधून पाठवल्याने दुसरी पहिलीच्या तातडीवर स्वार होते. सुरक्षेची दुरुस्ती विनाविलंब यावी. रूप बदलणाऱ्या अपडेटला मात्र पूर्वसूचना हवी, दृष्टिहीन कर्मचाऱ्यांची चाचणी हवी, काही आठवडे जुने रूप वापरण्याची मुभा हवी, आणि काम अडले तर बदल मागे घेण्याचा अधिकार एका नामनिर्देशित अधिकाऱ्याकडे हवा. अडलेले दिवस त्या कर्मचाऱ्याच्या प्रलंबिततेत धरू नयेत, एवढे तर विभागप्रमुख आजही एका परिपत्रकाने करू शकतो.

उरलेले काम निविदेच्या मसुद्यात आहे. देखभाल करारात सर्व्हर बंद पडल्यास दंडाचे कलम असते, तासांच्या हिशेबाने. स्क्रीन रीडरने चालणारे काम अपडेटनंतर बंद पडणे हेही ‘प्रणाली बंद’ समजावे, असे एक वाक्य त्याच कलमात घालायचे आहे. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. पुढच्या करारावर सही होण्याआधी कोणीतरी ते फाइलवर लिहावे लागते.