जुडी कोणाची?

चेन्नईत पालेभाजीला कीरै म्हणतात. तिचे प्रकार मोजायला बसलं की माठ-मेथी-शेपूचा आपला तोरा जरा उतरतो. अरैकीरै, सिरुकीरै, पोन्नांगण्णी, हादग्याच्या पाल्याची अगत्तीकीरै. त्यातली मुळैकीरै म्हणजे आपल्या माठाची सख्खी बहीण. पेरली की महिन्याभरात मुळासकट उपटायची, धुवायची, जुड्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवायची. दुपार झाली की ती मान टाकते. हाती भांडवल नसलेल्या माणसाला याहून बरं पीक नाही. बियाणं स्वस्त, पैसा महिन्याच्या महिन्याला फिरतो, आणि जमीनमालकही निर्धास्त. खंडकऱ्याने आंबा लावला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मुळैकीरैने येत नाही.

समजा, बंगाल-बिहारहून भातलावणीला तमिळनाडूत आलेल्या एखाद्या मजुराने काही हंगाम चिखलात काढले, चार पैसे गाठीला बांधले आणि चेन्नईच्या वेशीवर, पूनमल्लीच्या बाजूला अर्धा एकर खंडाने घेतला. आता तो कोण? काल निदान ‘स्थलांतरित मजूर’ तरी होता. मार्च 2023 मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारहाण होत असल्याच्या खोट्या चित्रफिती पसरल्या, तेव्हा पाटण्याहून अधिकाऱ्यांचं पथक तमिळनाडूत धावलं होतं. मजूर म्हणून त्याची विचारपूस करायला दोन-दोन सरकारं होती. स्वतःची भाजी पिकवू लागला की एकही नाही. पट्टा-चिट्टा, म्हणजे तिकडचा सातबारा, मालकाच्या नावावर. खंडाचा व्यवहार तोंडी. पीककर्ज मागायला जावं तर कागद नाही. पीएम-किसानचे वर्षाचे 6000 रुपये जमीनधारकाला. पाणी शेंदणाऱ्याला नव्हे.

‘तो कोण?’ याचं उत्तर याच शहरातल्या एका माणसाने कधीच देऊन ठेवलं आहे. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने 2004 ते 2006 या काळात पाच अहवाल दिले. त्यातून निघालेल्या 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने ‘शेतकरी’ या शब्दात शेतमजूर, वाटेकरी आणि कूळ यांना तर बसवलंच, शिवाय पशुपालक, मच्छीमार आणि मधमाश्या पाळणारेही बसवले. पण आपल्या मोर्चांनी या आयोगातून एकच गोष्ट उचलली: उत्पादनखर्चावर पन्नास टक्के. मागणी रास्तच आहे. पण हमीभाव मुळैकीरैला नसतो, आणि ही व्याख्या मागत मोर्चा निघाल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही. 28 सप्टेंबर 2023 ला स्वामीनाथन चेन्नईतच गेले, पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झालं. व्याख्या फायलीत राहिली. 2011 च्या जनगणनेत शेतमजूर 14 कोटींच्या वर आणि कसणारे शेतकरी 12 कोटींच्या आत होते, एवढी आठवण ठेवली तरी तिची निकड कळावी.

तमिळनाडूकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. रुळांच्या कडेचा पालक, माठ आणि भेंडी मुंबईकराने लोकलच्या खिडकीतून पाहिली आहे. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली ती जमीन परवान्याने मिळे रेल्वे कर्मचाऱ्याला; दोन्ही हातांत झाऱ्या घेऊन वाफ्यातून पळणारा माणूस मात्र पुष्कळदा उत्तर प्रदेशचा किंवा बिहारचा. गटाराच्या पाण्यावरून बोंब झाली की शिव्या त्याला. (पाणी गटाराचं होतं हे खरं. गटार त्याने बांधलं नव्हतं, हेही खरं.)

गावाकडे तर जमीन कसायला न देण्यासाठी ‘कूळ लागेल’ हे दोन शब्द पुरतात. 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी मुंबई राज्यातली कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक ठरली. झालं ते न्यायाचंच. पण तो धसका जमीनवाल्यांच्या तीन पिढ्यांना पुरला. सातबाऱ्यावर कुळाच्या नावाचा रकाना अजून आहे. त्यात नवं नाव घालायला कोण मालक तयार होतो? आंध्रने 2019 मध्ये वाट काढून पाहिली. कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायचं, त्यावर कर्ज आणि नुकसानभरपाई मिळेल, जमिनीवर हक्क मात्र लागणार नाही. पण त्यालाही मालकाची सही लागायची, आणि गाडी पुन्हा तिथेच अडायची.

महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू केली. खातेदाराने बांधावर उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, नोंद थेट सातबाऱ्यावर. सोय चांगली आहे. वांग्याचा फोटो चढतो. वांगं लावणारा त्या वेळी फोटोच्या चौकटीबाहेर, पंप बंद करायला गेलेला असतो.