खासगी सावलीचा हिशेब

वर्ध्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला, की मोटारीच्या काचांवर घरच्या घरी काळी फिल्म चिकटविण्याचा उद्योग सुरू होतो. साबणाचे पाणी, एक पाते आणि मोकळी दुपार एवढेच भांडवल. मजुरी वाचते, परंतु हिशेब तेथे संपत नाही.

नियमानुसार पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढे नियम बदलल्यावर केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या मर्यादेतील फिल्म ग्राह्य धरली. मात्र येथे गुणाकार होतो. बाजूच्या ७० टक्क्यांच्या काचेवर ७० टक्क्यांची फिल्म लावली, की उरतात ४९! शिवाय उन्हाची सुमारे निम्मी ऊर्जा अदृश्य अवरक्त किरणांत असते. काळेपणा म्हणजे गारवा नव्हे.

लाभ मोटारवाल्याचा; सायंकाळी त्याला न दिसलेल्या सायकलस्वाराने मात्र किंमत मोजायची. अर्थशास्त्र यालाच सामाजिक खर्च म्हणते. २०२० साली सेवाग्राम मार्गावरील जुनी झाडे रुंदीकरणासाठी तोडली गेली, तेव्हा विरोध करणाऱ्या वर्धेकरांना हे उमगले होते: सर्वांची सावली गेली, की प्रत्येक जण आपापली काच काळी करू लागतो.