औंधचा अर्धा धडा

संघात येऊ इच्छिणाऱ्या देशात लोकशाही असली पाहिजे, अशी अट युरोपीय संघाने १९९३ साली कोपनहेगन येथे घातली. औंध संस्थानाने बाहेरच्या कोणत्याही अटीविना हे कितीतरी आधी केले होते. २१ जानेवारी १९३९ च्या राज्यघटनेने राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुका समिती आणि तीतून विधिमंडळ उभे राहावे, अशी ती रचना होती.

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. ते योग्यच झाले. सरंजामी सीमा पुसल्या जाणे आवश्यकच होते. परंतु सीमांबरोबर गावाची सत्ताही पुसली गेली.

१९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्याला घटनेचा आधार दिला. तरीही २०२२ नंतर महाराष्ट्रातील असंख्य पालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला.

आटपाडीचा शेतकरी असो वा येवल्याचा पैठणी विणकर, त्याची लोकशाहीशी पहिली गाठ गावातच पडते. तेथील निवडणूक ही सरकारची मेहेरबानी नव्हे. ती पुन्हा लांबली, तर कार्यकर्त्यांनी न्यायालयाची वाट न पाहता लोकांना संघटित केले पाहिजे.