पुठ्ठ्यावरचा डार्कसाइड

जुन्या खेळण्यांची प्रतवारी करणाऱ्या अमेरिकी मंडळींचा निकाल आपल्याकडच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेसारखा असतो. पुठ्ठ्याला वेगळे गुण, त्यावरच्या पारदर्शक फुग्याला वेगळे, आतल्या बाहुल्याला वेगळे. मग सगळा ऐवज ॲक्रिलिकच्या पेटीत कायमचा बंद. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला, गुण गेले. प्लॅस्टिक पिवळे पडले, आणखी गेले. दुकानातल्या खुंटीला अडकवण्यासाठी पुठ्ठ्याला वर भोक पाडायचे असते; तिथला तुकडा अजून जागच्या जागी असेल, तर मात्र संग्राहकाच्या तोंडाला पाणी सुटते. म्हणजे जे खेळणे दुकानात कधी टांगलेसुद्धा गेले नाही, त्याचा मान सर्वांत मोठा!

केनर कंपनीच्या ‘सुपर पॉवर्स’ मालिकेतला १९८५ सालचा डार्कसाइड या गुणपत्रिकेपुढे उभा करून पाहावा. हा डीसी कॉमिक्सचा महाखलनायक. दगडी चेहरा, आणि विश्वातल्या यच्चयावत जिवांची इच्छाशक्ती आपल्या मुठीत यावी एवढीच माफक अपेक्षा. या मालिकेतल्या बाहुल्यांची गंमत त्यांच्या पोटातल्या कळीत आहे : बहुतेकांचे पाय चिमटीत दाबले की हात हलतात. डार्कसाइडच्या डोक्यामागे उजेड धरला की त्याचे डोळे पेटतात. सोबत एक चिमुकले कॉमिकही दिलेले असते. फुगा न फोडता यातले काहीच तपासता येत नाही. पैकीच्या पैकी गुणांचा डार्कसाइड म्हणजे ज्याचे डोळे कुणी पेटलेले पाहिले नाहीत आणि ज्याची गोष्ट कुणी वाचली नाही, असा.

आता जी गोष्ट कुठल्याच प्रतीत बसत नाही, ती. डार्कसाइड जॅक कर्बीच्या पेन्सिलीतून १९७० साली उतरला. स्टॅन लीच्या जोडीने मार्व्हलसाठी फँटॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन उभे करून कर्बी नुकताच डीसीत आला होता. पानामागे ठरलेले पैसे आणि पात्रावर हक्क शून्य, हा त्या धंद्याचा रिवाज. खेळणी निघायची वेळ आली तेव्हा डीसीच्या जेनेट कान आणि पॉल लेविट्झ यांनी एक सज्जन पळवाट शोधली. पात्रांची रूपे नव्याने आखण्याचे काम त्यांनी कर्बीलाच दिले आणि त्या नव्या कामाच्या आधारे त्याला विक्रीतला वाटा मिळवून दिला. कायद्याने डीसी त्याचे काही देणे लागत नव्हती. त्याच सुमारास हा साठी उलटलेला चित्रकार मार्व्हलशी आपल्याच हातची मूळ पाने परत मिळावीत म्हणून भांडत होता. ती हाती यायला १९८७ उजाडले, आणि तीही सगळी नव्हेत. नायकांनी जे दिले नाही ते या दगडी तोंडाच्या दुष्टाने दिले.

गुणपत्रिकेत या गोष्टीला रकाना नाही. असावा असेही आमचे म्हणणे नाही. उद्या कुणी तिलाही शंभरापैकी ८५ देऊन मोकळा होईल.

बाहुला पारखायचाच असेल तर सुटा पारखावा. सांधे ढिले झालेत का, नाकावरचा रंग उडालाय का, पाय दाबल्यावर हात अजून हलतो का, की चाळीस वर्षांत आतली कळ मोडली? त्यासाठी हात लावावा लागतो, आणि हात लागलेल्या मालाला या बाजारात भाव कमी. घेणाऱ्याने तो फायदाच समजावा. घरी आणल्यावर आधी टॉर्च शोधावा.