गोधडी आणि घरचे कागद

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापून काढलीं, तेव्हांपासून माळ्यावरील जीर्ण दप्तरांस आमच्या समाजांत मान मिळूं लागला. त्याच माळ्यावरील गोधडी मात्र आम्ही चार भांड्यांसाठीं बोहारणीच्या हवालीं करतों. ‘चिंध्यांना कसला आला आहे इतिहास?’ असें चांगले पदवीधरही विचारतात!

आजीचें लुगडें, आजोबांचें धोतर, बाळाचें अंगडें एकावर एक घालून धावदोऱ्यानें शिवलेली गोधडी ही त्या घराची बखरच होय. परंतु ती वाचण्याची किल्ली कागदांत असते. लग्नांतील आहेराची यादी, कापडवाल्याचा हिशेब, माहेरचें पत्र, एखादें छायाचित्र यांवरून कोणतें वस्त्र कोणाचें, हें कळतें. आमच्या आईची गोधडी आम्हीं जपली आणि कागद रद्दींत घातले. आतां तिच्यांतील जांभळा तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हें सांगणारें कोणी उरलें नाहीं.

इंग्लंडांत १७१८ सालची रेशमी तुकड्यांची एक पासोडी आहे. सालही तिच्यावरच शिवलेलें, आणि तुकड्यांना आकार देण्यासाठीं घातलेले कागद अद्यापि आंत आहेत. आमच्याकडील बायकांनीं गोधडीवर आपलें नांव सहसा घातलें नाहीं. तें काम त्यांच्या शिकलेल्या नातवंडांचें.

‘संग्रहालयें आहेत कीं!’ ही शुद्ध पळवाट आहे. नांवगांव हरवलेली गोधडी तेथेंही मुकीच. घरांतील वृद्धांस आजच विचारावें; शिवणारीचें नांव, गांव व साल लिहिलेली चिठी कापडी खिशांत घालून गोधडीच्या पाठीस टांचावी, आणि आहेराची यादी त्याच ट्रंकेंत ठेवावी.